नळ

कांडी आता सतरा वर्षांची.
चौथ्या मागाखाली, सुताच्या पोत्यात जन्मली,
म्हणून कांडी.
मागची दाढ सडलीय. आठ दिवस झाले,
दुधाच्या वाटीपाशी जाते, वास घेते
आणि पाठ करून बसते
मानपान चुकलेल्या विहिणीसारखी.

दाढ काढायची तर भूल द्यायला हवी.
भूल द्यायची तर आधी काळीज ऐकायला हवं.
म्हणून वडगावातून रिक्षा,
मिरच्यांच्या करंडीत कांडी, वर माझा टॉवेल.

डॉक्टरीणबाई हुलिकट्टी, बैलहोंगलकडच्या.
"हेदरब्याड, हेदरब्याड," म्हणत नळी लावली.
वडगावचं मांजर, दोन्ही भाषा कळतात तिला,
दोन्हींत ऐकत नाही.
"घुरघुर करतीय की ओ ही,
आतलं काय ऐकू येईना."
परक्या टेबलावरसुद्धा घुरघुर!
मला उगीच अभिमान वाटला.

मग बाईंनी कोपऱ्यातला नळ सोडला.
स्टीलच्या बेसिनवर धार पडली,
कांडीचे कान मागे गेले, घुरघुर थांबली,
आणि बाईंचा चेहरा बदलला.
फार नाही.
धागा तुटल्यावर मागवाल्याचा बदलतो तेवढा,
माग चालूच असतो अजून,
हात फक्त खटक्याकडे गेलेला असतो.

त्या काहीतरी बोलल्या.
चाळीस वर्षं पॉवरलूमच्या खोलीत काढलेला मी;
माग भंगारात जाऊन बारा वर्षं झाली,
कानांत अजून दोन पाळ्या चालतात.
नळी मला दिली त्यांनी, ऐका म्हणून.
माझी खटखट कुठली, तिचे ठोके कुठले,
उलगडेना.

तेव्हा बाईंनी संमतीचा कागद उलटा केला,
पुढून कानडी, पाठ कोरी,
आणि शाळेतल्या हिंदीवर शिकलेल्या अक्षरांत,
वेलांट्या इकडच्या तिकडे करत लिहिलं:

काळजात फुसफुस आहे. सहात तीन.
आवाज आहे म्हणजे रोग आहेच, असं नाही.
आवाज नाही म्हणजे बरं आहे, असं पण नाही.
आत बघावं लागतंय.

मी तीनदा वाचलं.
चौथ्यांदा चष्मा पुसून.

घरी सून म्हणाली, म्हाताऱ्या मांजरावर एवढे पैसे?
मला ऐकू आलं नाही.
बहिरेपणाचा तेवढा एक फायदा.

गुरुवारी धारवाडहून मशीन आलं.
बरगडीवरचे केस भादरले, रुपयाएवढे,
आणि पडद्यावर दिसलं ते:
करड्या अंधारात एक मूठ
उघडतेय, मिटतेय, घाईघाईनं,
जणू काहीतरी धरायचंय आणि ते सुटतंय.
भिंत जरा जाड झालीय म्हणे.
वरचा कप्पा फुगलेला नाही, हे चांगलं.
शेपटीला इवला पट्टा बांधून दाब मोजला,
पाच वेळा. पहिला आकडा भीतीचा असतो,
तो धरत नाहीत.
गळ्याशी गाठ चाचपली, रक्त पाठवलं.

शनिवारी बाईंनी त्याच कागदाच्या पाठीवर
खाली जागा शोधून लिहिलं:
करू या. औषध थोडं थोडं.
सलाईन जपून, जास्त पाणी सोसायचं नाही तिला.
एक माणूस फक्त ठोक्यांवर.
आणि थोडं थांबून, वेगळ्या ओळीत:
खात्री देत नाही.

कागद उलटून मी मराठीत सही केली.
पाठीमागची शाई पुढे उमटली होती,
कानडी ओळींमधून मराठी उलटी दिसत होती,
सही नेमकी तिच्यावर पडली.

शेवटचं एकदा ऐकायचं म्हणून
बाई नळी घेऊन आल्या.
माझा तळवा कांडीच्या फासळ्यांवर होता.
तिनं डोळे बारीक केले
आणि हाताखाली सुरू झालं ते,
पहिल्यांदा बारीक, मग भरून,
कोपरापर्यंत चढलं.
फुसफुस नव्हती ती, ठाऊक आहे मला.
पण सगळ्या खोलीत
मला ऐकू येणारं तेवढंच होतं.

बाईंचा हात नळाकडे गेला.
"जरा थांबा," मी म्हणालो.
मोठ्यानं म्हणालो असणार.
त्या थांबल्या.